अकराचा उजेड

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज पहाटे पहिल्यांदा गोठलं. अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. म्हणजे दरीतले मॅपल बुधवारपर्यंत लालभडक पेटतील आणि पुढच्या रविवारपर्यंत झडून जातील. चार-पाच दिवसच मिळतात.  

गुडघा दुखतोय. नेड्रा, माझी बायको, म्हणाली, "एकोणऐंशीव्या वर्षी कॅमेरा पाठीवर मारून डोंगरात जायचं आणि मग माझ्यासमोर बसून कण्हायचं. दोन्हीतलं एक काहीतरी कर." मी म्हटलं, दोन्हीशिवाय मला काही येत नाही. तर म्हणाली, तेही खरंच आहे.

दुपारी डेलमार आला. त्याचं गावात औषधांचं दुकान होतं आणि मी दरीतल्या राष्ट्रीय पार्कात पायवाटांच्या कडेला दगडी बांध रचायचो. तो शिकलेला, मी आठवीत शाळा सोडलेला. दोघं एकाच वर्षी घरी बसलो, तेव्हा त्यानेच मला फोटो काढायला शिकवलं. स्वतःचा जुना लाकडी कॅमेरा तिपाईसकट दिला. काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवर उलटं चित्र बघायचं, थांबायचं, घाई करायची नाही, हे सगळं त्याचंच.

आणि सात वर्षांपूर्वी मी त्याच्याच पाळतीवर गेलो.

इथले फोटोवाले आपापल्या जागा सांगत नाहीत. सांगितल्या की पुढच्या वर्षी तिथे दहा तिपाया उभ्या राहतात. मागे एकाने तर आपला फोटो झाल्यावर फांदीच मोडून टाकली, दुसऱ्याला मिळू नये म्हणून. त्यामुळे आम्ही सगळेच गाडी भलतीकडे लावतो. डेलमार आपली पिकअप कॉटनवूडच्या वळणावर लावतो आणि तिथून ओढ्याच्या पाण्यातून दोन वळणं मागे चालत येतो. पाण्यात माग राहत नाही. त्या दिवशी मी वर, बांधाच्या कामावरून ओळखीच्या असलेल्या कपारीत बसून पाहिलं. तो दोन मोठ्या धोंड्यांच्या मधून आत गेला आणि दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. आत चिंचोळी घळ आहे, शेवटी काळ्या पाण्याचा डोह, त्यावर वाकलेला एक मॅपल. अकराच्या सुमारास समोरच्या कड्यावर ऊन पडतं आणि तिथून उलटून आत येतं. थेट ऊन नाही, त्याचा उजेड फक्त. वीस मिनिटं सगळी घळ आतून दिवा लावल्यासारखी होते. मी काढलेला फोटो आज गावच्या पोस्टात भिंतीवर आहे, खाली माझं नाव. झाडाचं खोड मी चौकटीबाहेर ठेवलं होतं, ओळखू येऊ नये म्हणून. डेलमार त्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला होता. "पाणी चांगलं आलंय," एवढंच म्हणाला. तेव्हा वाचलो.

त्यानंतर दरवर्षी एकदा जातो. पहिल्या गोठणीनंतरच्या गुरुवारी, कारण गुरुवारी डेलमार कधीच जात नाही.

आजही जाताना म्हणाला, "गुरुवारी मी घरीच आहे हं. पेकान झोडायचेत."

"बरं," मी म्हटलं.

"आणि कुठे जाणार असलास तर लांब बूट घाल. ओढ्याला पाणी आहे यंदा."

कुठला ओढा? मी कुठे विचारलं होतं? त्याचे पेकान, म्हणजे ते अक्रोडासारखे दाणे, दरवर्षी गुरुवारीच कसे पिकतात हेही मला कधी कळलं नाही. पण बूट कशाला म्हणाला? त्याला संशय आलाय. नक्की आलाय.

२१ ऑक्टोबर, सोमवार

खालच्या पुलापाशी दोन फोटो काढले. ओल्या काळ्या दगडावर मॅपलचं एकच पान पडलं होतं. मी ते ठेवलेलं नाही, आपणहून पडलेलं. ढग येईपर्यंत चाळीस मिनिटं थांबलो, कारण उन्हात लाल रंग पांढुरका पडतो. तेवढ्यात एक जोडपं आलं. त्या बाईने ते पान उचलून नवऱ्याच्या टोपीत खोचलं आणि दोघं हसत गेली. मी कापडाखालीच होतो.

घळीत यंदा जाणार नाही असं ठरवलं. मी आत असताना डेलमार समोर येऊन उभा राहिला तर काय बोलायचं? "वाट चुकलो" म्हणायचं? या दरीत एकतीस वर्षं बांध रचलेत मी. नेड्राला सांगितलं, गुरुवारी कुठे जात नाही. ती म्हणाली, "दरवर्षी या गुरुवारी तुझं तोंड लग्नाला निघाल्यासारखं असतं. यंदा नवरी पळाली का?"

२३ ऑक्टोबर, बुधवार

रात्री साडेआठला आफ्टनचा फोन आला. आफ्टन म्हणजे डेलमारची बायको. डेलमार सकाळी आठला फोटो काढायला गेला तो अजून आलेला नाही. चारपर्यंत येतो म्हणाला होता. तिने पार्कात कळवलंय. त्यांना पिकअप सापडली, कॉटनवूडच्या वळणावर. रेंजर लोक समोरच्या मोठ्या दरीत बॅटऱ्या घेऊन चढतायत.

"तुला काही बोलला होता का कुठे जाणार ते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. हे खरं आहे. तो मला कधीच बोलला नाही.

समोरची मोठी दरी. त्याच्या जागेपासून दोन वळणं पुढे, आणि ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हे दुपारी लिहितोय. सकाळी सहाला उठलो. हेलिकॉप्टर फिरतंय, त्याचा आवाज खिडकीच्या काचांत येतो.

त्याच्या आणखीही जागा असतील. तो घळीतच गेला असेल कशावरून? माणूस नव्वद ठिकाणी जाऊ शकतो. शिवाय कुत्री आणलीत, कुत्र्यांना वास लागतोच. पाण्यातून गेलेल्या माणसाचा लागतो का, ते मला माहीत नाही.

साडेनऊला गाडी काढली. म्हटलं, आपणच जाऊन बघावं, कुणाला काही सांगायला नको. दोन धोंड्यांच्या आधीच्या वळणावर रेंजरची गाडी आडवी उभी होती. डोरीन म्हणून तरुण रेंजर बाई आहे, तिने हात केला.

"आर्वल आजोबा, पुढे जाऊ नका. सगळे कामात आहेत."

"सापडला का?"

"नाही अजून. तुम्ही त्यांचे मित्र ना? ते नेहमी कॉटनवूडच्या वळणावरच गाडी लावायचे?"

"नेहमी तिथेच," मी म्हटलं.

तिने वहीत लिहिलं. मी गाडी वळवली.  तोंडातून शब्द निघाला असता तर त्याबरोबर सगळंच निघालं असतं. मला कसं माहीत, तर मी पाळतीवर गेलो म्हणून. पोस्टातला फोटो कुठला, तर तिथला. सात वर्षं सगळं गाव मला शाबासकी देतंय. आणि डेलमार संध्याकाळपर्यंत पाय ओढत घरी आला तर? मग मी उगाच सगळं बोलून बसलेला असेन आणि तो दारात उभा.

म्हणून आजचा दिवस थांबायचं ठरवलं. थंडी एवढी काही नाही.

संध्याकाळी. आला नाही. बायका आफ्टनकडे जेवण घेऊन गेल्या, नेड्राने बटाट्याचं कॅसरोल दिलं. थंडी आहे. दुपारी मी लिहिलं की एवढी नाही, ते खोटं होतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नऊला आफ्टन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. घरात फोनशेजारी बसवत नाही म्हणाली. नेड्राने गरम दूध दिलं, ते तिने हातात धरलं फक्त. कोट उलटा घातला होता, शिवण बाहेर.

"शोध उद्यापासून कमी करणार आहेत," ती म्हणाली. "सरळ नाही म्हणाले. डोरीन म्हणाली, माणसं आता पाळीपाळीने पाठवू. म्हणजे तेच ना?"

मी खिडकीकडे गेलो. नेड्रा माझ्याकडे बघत होती. 

"आर्वल," नेड्रा म्हणाली, "पोस्टातला फोटो कुठला आहे?"

मी म्हटलं, का?

"गुरुवारी येतोस तेव्हा तुझ्या पँटला गुडघ्यापर्यंत काळा गाळ असतो. आणि डेलमार बुधवारी येतो तेव्हा त्याच्या पँटला असतो. आफ्टन आणि मी कपडे धुताना बोलतो, आर्वल. आम्हाला वाटायचं तुम्ही दोघं एकाच ठिकाणी जाता आणि आम्हाला सांगत नाही."

आफ्टनने दूध खाली ठेवलं.

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर बोलता आलं नसतं.  आफ्टनने फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. दहा वाजले होते.

डोरीनला मी दोन धोंडे सांगितले. ती म्हणाली, "पण काल तुम्ही..." आणि थांबली. "बरं. तिथेच थांबा, आजोबा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी सापडला. जिवंत. डोहाच्या कडेला घसरून उजवी नडगी मोडली होती आणि पाऊल पाण्यात अडकलेलं. दोन रात्री.

तो जिवंत आहे हे ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. आधी मनात आलं, आता तो बोलेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

इस्पितळात गेलो, सव्वा तास गाडीने. आफ्टनने बोलावलं. डेलमारच्या डोक्याला पवित्र तेल लावून हात ठेवायचे होते, त्याला दोन पुरुष लागतात. एक आमच्या चर्चचे बिशप, आणि दुसरा मी, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांग. ती म्हणाली, "त्याला तूच लागशील."

हात ठेवायचे. हे हात. त्याच्या केसांत वाळू होती अजून. तो औषधाने झोपलेला. बिशप प्रार्थना बोलले, मी फक्त हात ठेवून उभा होतो. मला वाटलं, आता माझ्या हाताखाली त्याचा श्वास थांबेल आणि सगळ्यांना कळेल का ते. थांबला नाही.

बाहेर आल्यावर नर्स आफ्टनला सांगत होती, पाऊल काढावं लागणार. नर्स म्हणाली, "एक दिवस आधी आणलं असतं तर वाचलं असतं बहुतेक." तिने कुणाला उद्देशून म्हटलं नाही. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

आफ्टनला माहीत आहे की मला जागा माहीत होती. पण तिला वाटतं, नेड्राने पोस्टातल्या फोटोचा विषय काढला तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "शुक्रवारी तुला ते सुचलं नसतं तर," असं ती दोनदा म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

डेलमार बोलायला लागलाय. पाऊल रविवारी काढलं. मी खुर्चीत बसलो, टोपी मांडीवर. आफ्टन खाली जेवायला गेली तेव्हा तो म्हणाला,

"गुरुवारी काय झालं होतं तुला?"

मी म्हटलं, म्हणजे?

"सात वर्षं मी गुरुवारी पेकान झोडतोय, आर्वल. पेकानसाठी?" तो हसला, मग खोकला. "आमचं झाड ऐंशी सालीच वाळलं."

मी मांडीवरची टोपी फिरवली.

"तुझ्या फोटोत खोड नाही. पण पाण्यात त्याची सावली आहे. माझंच झाड मला ओळखू येणार नाही?" तो म्हणाला. "बुधवारी पडलो तेव्हा म्हटलं, एक रात्र काढायची. उद्या गुरुवार. आर्वल येतोच. अकराला उजेड आला तेव्हा मी तुला शिव्या देत होतो की उशीर का करतोय म्हणून."

"ताप होता," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "तेच म्हटलं मी. आजारी असणार. नाहीतर येतोसच."

मग म्हणाला, माझा कॅमेरा रेंजरने आणून दिलाय, त्यात दोन फिल्म आहेत, तू धुऊन दे. मी हो म्हटलं. खोली गरम होती तरी मी कोट काढला नव्हता, आणि निघेपर्यंत घामाने भिजलो.

३ नोव्हेंबर, उपासाचा रविवार

चर्चमध्ये ज्याला बोलायचंय त्याने पुढे जाऊन बोलायचं, असा महिन्यातला हा रविवार. आफ्टन गेली. तिने देवाचे आभार मानले, डोरीनचे मानले, आणि मग म्हणाली, "ब्रदर आर्वलने आपला सगळा मान बाजूला ठेवून जागा सांगितली नसती, तर माझा नवरा आज नसता." सगळ्या बाकांवरून लोक वळून बघायला लागले. मागच्या म्हातारीने माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी उठलो. खरंच उठलो आणि पुढे गेलो. माइकपाशी उभा राहून म्हटलं, मी काही केलेलं नाही. लोकांना वाटलं, किती नम्र. एक-दोघांनी डोळे पुसले. पुढचं वाक्य होतं माझ्याकडे, पण ते आलं नाही. "आमेन" म्हटलं आणि खाली येऊन बसलो.

गाडीत नेड्रा म्हणाली, "हे तुला पचणार नाही." मी म्हटलं, उपास आहे, पचायला पोटात काही नाही. ती हसली नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

डेलमारच्या फिल्म धुतल्या. आमच्या कोठीला खिडकी नाही. वर्षभराच्या गव्हाच्या बादल्या आणि पीचच्या बरण्या तिथे असतात, दाराला घोंगडी लावली की अंधार होतो. कॅमेऱ्यात सरकवायच्या चौकटीच्या दोन बाजूंना दोन फिल्म. पुढची बुधवारची: डोह, मॅपल, अकराचा उजेड. सुरेख आहे. माझा फोटो त्यापुढे काहीच नाही.

दुसरी हातात घेऊन दिव्यासमोर धरली तर आधी कळेना. चित्र वाकडं, कॅमेरा जमिनीवर ठेवलेला असणार. अर्ध्या भागात वाळू, कडेला त्याच्या बुटाचं टोक. पलीकडे घळीची वाट, दोन धोंड्यांच्या मधून आत येते ती. तिच्यावर उजेड पडलेला आहे, उलटून येणारा, वीस मिनिटांचा. वाटेवर कुणीही नाही.

पहिल्या फोटोच्या वेळी तो धडधाकट होता. म्हणजे हा गुरुवारचा.

मी बादलीवर बसून राहिलो. नेड्राने दोनदा हाक मारली तरी दार उघडलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल डेलमारला घरी आणलं. आज फोटो घेऊन गेलो. त्याच्या दारापाशी गाडीत बराच वेळ बसलो, दोनदा चावी फिरवली परत जायला. शेवटी आफ्टनच बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, ये ना. थंडी आत येतेय." ती मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे आणायला गेली.

डेलमारने पहिला फोटो बघितला. "हा बरा आलाय." दुसरा बराच वेळ धरला. "हा वाकडा आहे."

"तू पडलेला होतास."

"हो."

मग मी सांगितलं. ताप नव्हता. सगळं, जसं इथे लिहिलंय तसं, फक्त पटापट.

"तुला कधी कळलं की मी तिथे असेन?" त्याने विचारलं.

"बुधवारी. आफ्टनचा फोन आला तेव्हाच. साडेआठला."

"आणि सांगितलंस शुक्रवारी."

"दहाला."

तो पायांवरच्या घोंगडीकडे बघत होता, पावलाच्या जागी ती सपाट होते तिथे.

"एवढा प्यारा होता तो फोटो?"

"फोटो नाही," मी म्हटलं. "तुला कळेल याची भीती वाटली."

"मला तर माहीतच होतं."

"तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं."

त्याच्या गळ्यातून काहीतरी आवाज आला. हसला की काय, मला कळलं नाही. चेहरा हसल्याचा नव्हता. फोटो त्याने उलटा करून घोंगडीवर ठेवला आणि खिडकीकडे वळला. मी टोपी घातली. 

दारात पोचलो तेव्हा तो म्हणाला, "आर्वल. उद्या येऊ नकोस."

घरी येऊन नेड्राला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि परवा?"

परवाचं तो काही बोलला नाही. संध्याकाळपासून मी पुन्हा पुन्हा आठवून पाहतोय. उद्या येऊ नकोस, एवढंच म्हणाला.